शिलाई मशीन दिल्यानंतर

नांदेडहून हिंगोलीला जाणारी आणि तुळजापूरहून नागपूरकडे निघालेली वाहतूक जिथे फुटते, ते ठिकाण म्हणजे वारंगा फाटा. कागदोपत्री तो कळमनुरी तालुक्यात, राष्ट्रीय महामार्ग १६१ आणि ३६१ यांच्या सांध्यावर आहे. प्रवाशांच्या लेखी मात्र तो खिचडीचा थांबा. या खिचडीचे नाव कुठल्या सरकारी योजनेने झाले नाही. रस्ता होता, गाड्या थांबत होत्या, लोकांना भूक होती आणि कुणीतरी ती वेळेवर ओळखली. धंदा बहुतेकदा असाच सुरू होतो.

त्याच फाट्यावरून दुसरीही वाहतूक चालते. इसापूर धरणाच्या पाण्यावर कळमनुरी आणि अर्धापूरच्या पट्ट्यात केळी आणि ऊस आला. हळद तर साऱ्या हिंगोली जिल्ह्याचे नगदी पीक. ही हळद हळकुंडाच्या रूपात पोत्यांतून हिंगोलीच्या, वसमतच्या, नांदेडच्या बाजारात जाते, तिथून सांगलीला आणि आणखी पुढे, आणि मग छापील पाकिटात पूड होऊन फाट्यावरच्याच किराणा दुकानात परत येते. मधला नफा वाटेतल्या गावांनी घेतला. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद रास्तच आहे. पण मानांकन मिळाले म्हणून पाकीट आपोआप तयार होत नाही. ते कुणीतरी तयार करावे लागते, विकावे लागते, आणि पहिली दोन वर्षे तोटा सोसून टिकावे लागते.

हे 'कुणीतरी' घडवण्याचे काम कोणाचे? आजवर या प्रश्नाला दोन वेगवेगळ्या दारांतून उत्तरे आली. एक दार सेवाभावी क्लबांचे : रोटरी, लायन्स, जेसीज. दुसरे इन्क्युबेटरचे, म्हणजे नवा उद्योग पायावर उभा राहीपर्यंत त्याला जागा, यंत्र, सल्ला आणि ओळखी पुरवणाऱ्या केंद्रांचे. गंमत अशी की या दोन दारांमागच्या मंडळींची एकमेकांशी फारशी ओळख नाही. क्लबाच्या साप्ताहिक सभेत पाहुणा वक्ता म्हणून डॉक्टर येतो, योगशिक्षक येतो, निवृत्त अधिकारी येतो. इन्क्युबेटर चालवणारा क्वचितच येतो. तो आला तर क्लबाने त्याच्याकडून काय शिकावे आणि काय शिकू नये, याचा हा आढावा.

आधी क्लबाची बाजू. तालुक्याच्या गावातला क्लब वर्षभरात काय करतो याची यादी कुणालाही तोंडपाठ असते. नेत्रतपासणी, रक्तदान, वृक्षारोपण, वह्यावाटप, गुणवंतांचा सत्कार. पोलिओ निर्मूलनात रोटरीने केलेले काम तर जगाने मान्य केलेले आहे. या यादीत उद्योगाच्या खात्यावर जमा होणारी नोंद बहुधा एकच असते : गरजू महिलांना शिलाई मशीन वाटप. मंडप, फलक, पाहुण्यांच्या हस्ते वितरण, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र. यात खोटे काही नाही. मशीन खरेच दिलेले असते आणि घेणारीला त्याची गरजही असते. प्रश्न त्यानंतरचे आहेत. कापड उधारीवर कोण देणार, शाळेच्या गणवेशाचे काम कुणाच्या शब्दाने मिळणार, ब्लाउजची शिलाई किती घ्यायची आणि शेजारणीकडून ती कशी मागायची, मशीन बिघडले तर दुरुस्ती कुठे? मशीन हा त्या धंद्यातला सर्वांत सोपा भाग होता, आणि क्लबाने नेमका तोच उचलला.

विशेष म्हणजे हे क्लब मुळात धंदेवाल्यांचेच. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने जी पहिली बैठक घेतली तिला एक कोळशाचा व्यापारी, एक खाणअभियंता आणि एक शिंपी हजर होते. एकेका व्यवसायातला एकेक जण घ्यायचा आणि आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटायचे, अशी ती रीत होती. सुरुवातीला हे लोक एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून देत. पुढे त्यात आपमतलबीपणा दिसू लागला आणि सेवेचे ब्रीद वर आले. रोटरीच्या सभांत घोकली जाणारी चार प्रश्नांची कसोटीसुद्धा हर्बर्ट टेलर या व्यावसायिकाने १९३२ मध्ये दिवाळखोरीच्या काठावरची भांड्यांची कंपनी वाचवताना लिहिली होती. भारतात रोटरी कोलकात्यात आली ती १९२० मध्ये, लायन्स मुंबईत १९५६ मध्ये. येईपर्यंत सेवेचा अर्थ बराचसा दान असा झाला होता आणि आपल्याकडच्या दानाच्या जुन्या परंपरेत तो सहज मिसळला. एका व्यवसायातला एक सभासद ही मूळ कल्पना मात्र शिल्लक राहिली. सीए, वकील, बँकेचा अधिकारी, औषध दुकानदार, ट्रॅक्टरचा विक्रेता, छापखानेवाला, प्राध्यापक असे सगळे एका टेबलाभोवती. इन्क्युबेटर काढणाऱ्याला अशी माणसे गोळा करायलाच दोन-तीन वर्षे लागतात.

आता इन्क्युबेटरची बाजू. त्याचा जन्म ज्या प्रकारे झाला तो प्रकार फाट्यावरच्या माणसाला परका वाटणार नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बॅटेव्हिया या छोट्या गावात शेतीची अवजारे बनवणारा मॅसी-हॅरिसचा मोठा कारखाना बंद पडला आणि गावात बेकारी आली. मँकुसो कुटुंबाने ती साडेआठ लाख चौरस फुटांची रिकामी इमारत घेतली. ती सगळी भाड्याने घेणारा एकही मोठा उद्योग मिळेना, तेव्हा जोसेफ मँकुसोने १९५९ मध्ये तिचे तुकडे करून लहान लहान धंद्यांना द्यायला सुरुवात केली. एक वाइन बनवणारा आला, एक कोंबड्यांची पिल्ले तयार करणारा आला. भाडेकरू टिकले तर भाडे टिकणार, म्हणून मँकुसो त्यांना बँकेत घेऊन जाऊ लागला, हिशेबनीस गाठून देऊ लागला, कचेरीतल्या सोयी सामाईक करू लागला. हे सगळे कुठल्या सिद्धांतातून आले नाही. भाडेकरू बुडाला की मालकाचे पोट मारले जाते, एवढे शहाणपण त्याच्यामागे होते.

त्याच वर्षी मुंबईत दुसरी एक गोष्ट घडली, तिला मात्र कुणी इन्क्युबेटर म्हणत नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. ते दिले सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या छगनलाल करमसी पारेख यांनी. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली आणि भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकायला गेली. पुढे त्याचे 'लिज्जत' झाले, हजारो बायकांचा रोजगार झाला आणि त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, हे सर्वांना माहीत आहे. कमी सांगितला जातो तो पारेख यांचा, म्हणजेच छगनबाप्पांचा वाटा. त्यांनी पैसे दिले ते कर्जाऊ. हिशेब काटेकोर ठेवायला लावला. स्वस्तातला दुय्यम पापड काढायचा मोह झाला तेव्हा एकच उत्तम दर्जा ठेवा असे बजावले. बायकांनीही ठरवून टाकले की तोटा आला तरी देणगी मागायची नाही. शिलाई मशीन वाटणाऱ्या कुठल्याही क्लबाने ही हकीकत एकदा सभेत वाचावी. समाजसेवकाची भूमिका तीच, रक्कम एका मशीनपेक्षाही किरकोळ. फरक पडला तो नंतरच्या सोबतीने.

महाराष्ट्राला याहून जुना धडाही घरातच मिळालेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून माणशी एक पैसा गोळा केला. त्या पैसा फंडातून, लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने, १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. तो निव्वळ कारखाना नव्हता. काच कशी करायची हे तिथे शिकवले जाई आणि तिथले शिकलेले हात पुढे इतर काच कारखान्यांत पोचले. लोकवर्गणीचा इतका दूरदर्शी उपयोग नंतरच्या शंभर वर्षांत आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाही.

सरकारी पातळीवर भारतात ही चळवळ १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान उद्योजकता विकास मंडळ स्थापन झाल्यावर सुरू झाली. मग विद्यापीठांच्या आवारात विज्ञान-तंत्रज्ञान उद्योजकता उद्याने निघाली, आयआयटी मुंबईत 'साइन' २००४ मध्ये उभे राहिले, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या अंगणात 'व्हेंचर सेंटर' २००७ मध्ये. २०१६ पासून तर पूरच आला : स्टार्टअप इंडिया, अटल इनोव्हेशन मिशनची अटल इन्क्युबेशन केंद्रे (प्रत्येकी पाच वर्षांत १० कोटींपर्यंत अनुदान), २०२१ ची ९४५ कोटींची बीजभांडवल योजना. या योजनेने आपले पैसे इन्क्युबेटरच्याच हातून दिले. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आपले स्टार्टअप धोरण आणले, २०२२ मध्ये स्टार्टअप यात्रेच्या गाड्या जिल्ह्याजिल्ह्यांत फिरवल्या आणि २०२५ मध्ये नवे धोरण आणून आयटीआय, तंत्रनिकेतनांपर्यंत छोटी इन्क्युबेटर नेण्याचा मनोदय जाहीर केला. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानेही प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठात नवोपक्रमासाठी वेगळे मंडळ बसवले आहे. नावे पुष्कळ आहेत. फाट्यावरच्या माणसापर्यंत त्यातले किती पोचते, हा वेगळा हिशेब.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर एक उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. छत्रपती संभाजीनगरचे 'मॅजिक' हे केंद्र सरकारने काढलेले नाही. चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड अॅग्रिकल्चर, म्हणजे 'सीएमआयए', या १९६८ पासून चालत आलेल्या उद्योजकांच्या संघटनेने २०१६ मध्ये पुढाकार घेऊन ते उभे केले. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखानदारांनी नव्या पोरांना आपल्या कारखान्यात घेऊन सुटा भाग कसा तपासतात ते दाखवावे, मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात कुणाला भेटायचे ते सांगावे, हा त्यातला खरा ऐवज. शहरात विद्यापीठाचे अटल इन्क्युबेशन केंद्र आहे, १९८८ पासून उद्योजकता प्रशिक्षण देणारे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, म्हणजे 'एमसीईडी', आहे. पण हे सारे फाट्यापासून दोन-अडीचशे किलोमीटर लांब. दर मंगळवारी सल्ल्यासाठी तेवढा प्रवास करणारा हळदीचा उद्योजक अजून जन्माला यायचा आहे.

मग इन्क्युबेटर नेमके करतो काय? संगणकाच्या पोरांची उदाहरणे बाजूला ठेवून फाट्याजवळच्या एका काल्पनिक बचत गटाला हळदपूड विकायची आहे असे धरू.

पिकवण्यात त्यांना कुणी काही शिकवायची गरज नाही. कंद काढणे, वाफेवर शिजवणे, पंधरा दिवस वाळवणे, ड्रममध्ये पॉलिश करणे हे सगळे घरचेच. पाच क्विंटल ओल्या हळदीची जेमतेम एक क्विंटल वाळलेली होते हेही त्यांना पाठ आहे. अडचण चक्कीपासून सुरू होते. गावच्या गिरणीत दळले तर पूड तापते, तिचा वास उडतो, आणि त्याच गिरणीत आधी मिरची दळलेली असेल तर विचारूच नका. पुडीत दहा टक्क्यांहून जास्त ओलावा नियमात बसत नाही आणि पावसाळ्यात तो केव्हा चढतो ते कळतही नाही. गिऱ्हाइकाला पारदर्शक पिशवीतला पिवळाधमक रंग पाहायचा असतो. तोच रंग उजेडात फिका पडतो. कर्क्युमिन किती, शिशाच्या रंगाची भेसळ नाही ना, हे प्रयोगशाळेच्या कागदाशिवाय पुण्याचा दुकानदार मानत नाही. उलाढाल लहान असेल तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी किरकोळ शुल्कात होते, उद्यम नोंदणीला तर एकही पैसा लागत नाही, पण हे न कळल्याने मधला माणूस हजारो रुपये घेतो. पाकिटावर वजन, किंमत, तारीख, पत्ता, तक्रारीचा क्रमांक हवा. त्यातले एक चुकले की छापलेली पाच हजार पाकिटे रद्दीत.

आणि सर्वांत अवघड तो भाव. बायका आपली मजुरी धरत नाहीत. हळकुंडाचा भाव अधिक दळणाई अधिक पिशवी, एवढाच हिशेब होतो. दुकानदाराचे कमिशन, वाहतूक, परत आलेला माल, उधारीत अडकलेला पैसा यांची नोंदच नसते. विक्री वाढत जाते तसतसा तोटा वाढत जातो आणि गटाला वाटते आपलाच पायगुण. चांगला इन्क्युबेटर इथे कागद पुढे ओढतो आणि विचारतो, 'तुमच्या आठ जणींच्या दिवसाची किंमत किती धरली?' या एका प्रश्नाने कित्येक धंदे सुरू होण्याआधीच बंद झाले आहेत, आणि ते बरेच झाले. चुकीचा धंदा लवकर सोडवणे हेही त्याचे काम आहे. क्लबाला हे पचायला जड जाते, कारण बंद पडलेल्या उपक्रमाचे छायाचित्र काढता येत नाही.

यातल्या बहुतेक गरजा भागवणारी ठिकाणे फाट्याच्या आसपासच आहेत. कृषी विज्ञान केंद्र तर जवळच तोंडापूरला आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून चालू आहे. वसमतला हळद संशोधन केंद्र आकार घेते आहे. हिंगोलीत जिल्हा उद्योग केंद्र आहे. २०२० पासूनच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत हिंगोली जिल्ह्यासाठी हळद हेच निवडलेले उत्पादन असून प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान आहे. सामाईक यंत्रे भाड्याने वापरता येतील अशा इन्क्युबेशन केंद्रांची तरतूदही त्याच योजनेत आहे. दारे पुष्कळ आहेत. एका दारातून दुसऱ्या दारात हात धरून नेणारा माणूस तेवढा कमी आहे.

असा माणूस पगारी असलाच पाहिजे असे नाही, हे 'भारतीय युवा शक्ती ट्रस्ट'ने दाखवले आहे. लक्ष्मी वेंकटेशन यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या आणि जे. आर. डी. टाटा ज्याचे पहिले अध्यक्ष होते त्या या ट्रस्टची पद्धत साधी आहे : तारणाविना कर्ज मिळवून द्यायचे आणि प्रत्येक तरुणामागे एक स्वयंसेवी मार्गदर्शक लावायचा. हा मार्गदर्शक म्हणजे नोकरी-धंद्यातला अनुभवी माणूस. तो ठरावीक काळ, ठरावीक वेळी भेटतो, वह्या तपासतो. पुणे, वर्धा, छत्रपती संभाजीनगर या भागांत हे काम झालेले आहे. क्लबाच्या सभासदाला यात स्वतःचे नाव सहज दिसावे.

म्हसवडची माणदेशी संस्था दुसऱ्या टोकाने शिकवते. चेतना गाला सिन्हा यांनी माणसारख्या दुष्काळी तालुक्यात १९९७ मध्ये महिलांची सहकारी बँक काढली. बँकेच्या परवान्याचा आधीचा अर्ज प्रवर्तक महिला निरक्षर म्हणून नाकारला गेला होता. बायका परवाना देणाऱ्यांकडे पुन्हा गेल्या आणि व्याजाचे हिशेब तोंडी करून दाखवले. बँक चालू झाल्यावर लक्षात आले की कर्ज पुरेसे नाही, म्हणून २००६ मध्ये बायकांसाठी उद्योगशाळा सुरू झाली आणि शाळेपर्यंत येता येत नाही त्यांच्यासाठी बसच वर्ग झाली. इमारतीवाचून इन्क्युबेटर चालतो याचा याहून चांगला दाखला नको. यंत्रांच्या बाबतीत पाबळचा विज्ञान आश्रम आहे : डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला, जिथे २००२ मध्येच अमेरिकेतल्या एमआयटीच्या साहाय्याने फॅब लॅब आली. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टनेही अटल इन्क्युबेशन केंद्र मिळवून शेतीतल्या उद्योगांवर भर दिला आहे. तिन्ही जागा फाट्यासारख्याच गावांच्या सोबतीने वाढल्या आहेत, महानगरांच्या नव्हे.

इन्क्युबेटरची आरती मात्र ओवाळू नये. इन्क्युबेटरमधून बाहेर पडलेल्या शंभरातल्या ८७ कंपन्या टिकतात, हा आकडा अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षे मिरवला. ज्यांना निवडूनच आत घेतले त्यांचा आकडा चांगला येणारच. सिराक्यूज विद्यापीठात अलेहांद्रो अमेझ्कुआ या संशोधकाने २०१० च्या प्रबंधात हजारो कंपन्यांची तुलना त्यांच्यासारख्याच बाहेरच्या कंपन्यांशी केली, तेव्हा चित्र मिश्र निघाले : आतल्यांची विक्री आणि नोकऱ्या थोड्या जास्त वाढल्या, पण त्या बंदही लवकर पडल्या. आपल्याकडे तर इन्क्युबेटर म्हणजे काचेची खोली, रंगीत खुर्च्या, भिंतीवर इंग्रजी सुविचार आणि वर्षातून एक स्पर्धा, असा प्रकार महाविद्यालयांत सर्रास आढळतो. अनुदान संपले की खोलीला कुलूप. क्लबाने याची नक्कल केली तर शिलाई मशीनच्या जागी संगणक येईल, एवढाच फरक.

म्हणून क्लबाने इन्क्युबेटर बांधायच्या भानगडीत पडू नये, असे या लेखाचे स्पष्ट मत आहे. जागा, प्रयोगशाळा, बीजभांडवल ही कामे विद्यापीठाची, शासनाची. क्लबाकडे जे आहे ते या दोघांकडे नाही : गावातली पत आणि ओळख. बँकेच्या शाखाधिकाऱ्याकडे गटातली बाई एकटी गेली तर तिला उद्या या म्हणतात. क्लबाचा सीए सोबत गेला तर खुर्ची मिळते. हे बरे नाही, पण असे आहे, आणि असे आहे तोवर ती खुर्ची मिळवून देणे ही सेवा आहे. पहिले गिऱ्हाईक देणे त्याहून मोठी. क्लबात दोन हॉटेलवाले, एक मंगल कार्यालयाचा मालक आणि एक वसतिगृह चालवणारा असेल तर त्यांनी त्या बचत गटाची हळद सहा महिने नियमित आणि रोखीने घ्यावी. वाईट निघाली तर परत करावी आणि का परत केली ते सांगावे. महामार्गावरचे खिचडीवाले तर हळद रोजच वापरतात. रोख पैसे देणारे आणि तोंडावर दोष सांगणारे गिऱ्हाईक मिळणे नव्या धंद्याला अनुदानाहून मोलाचे असते.

यातले धोकेही क्लबातच आहेत, आणि ते उघड बोलायला हवेत. सभासदांतच आडतदार असेल आणि गटाने आडतीला वळसा घालून थेट विकायचे ठरवले तर तो कोणाच्या बाजूने बोलेल? खासगी सावकारी करणारा मार्गदर्शक बनला तर? कल्पना ऐकून दुसऱ्याच महिन्यात स्वतःच्या मेहुण्याच्या नावाने तोच धंदा काढणारेही असतातच. इन्क्युबेटरमध्ये याला लेखी नियम असतात : ज्याचा त्या धंद्यात हितसंबंध तो मार्गदर्शक नाही, मार्गदर्शकाने पैसे घ्यायचे नाहीत आणि पहिले वर्षभर द्यायचेही नाहीत. क्लबाने शिकण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट कदाचित ही नियमावलीच ठरेल.

दुसरी अडचण कॅलेंडरची. रोटरी-लायन्स क्लबाचा अध्यक्ष जुलैत बसतो आणि जूनमध्ये उतरतो. प्रत्येकाला आपल्या कारकिर्दीत काहीतरी नवे करायचे असते. धंद्याला तीन वर्षे लागतात. मागच्या अध्यक्षाने हाती धरलेला गट पुढच्याने सोडून दिला तर त्या बायकांचा दुहेरी विश्वासघात होतो. रोटरीने सामुदायिक आर्थिक विकास हे आपले एक मुख्य कार्यक्षेत्र ठरवलेले आहे आणि ऑक्टोबर महिना त्याला दिलेला आहे. पण एका महिन्याच्या फलकाने काही साधत नाही. तीन अध्यक्षांनी आधीच सही केलेल्या ठरावाने साधेल.

तालुक्यातल्या एखाद्या क्लबाला सुरुवात करायची झाली तर खर्च जवळपास शून्य आहे. पुढच्या सभेला 'मॅजिक'चा किंवा परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयाचा माणूस बोलवावा. त्याला हारतुरे देण्याआधी आपण आजवर मशीन दिलेल्या बायकांची यादी त्याच्या हाती ठेवावी. त्यातल्या पाच जणींना त्याच सभेला बोलवावे, व्यासपीठासमोर नव्हे तर टेबलाशी, आणि मशीनवर महिन्याला किती काम येते ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. ज्यांचे मशीन बंद आहे त्यांच्यापासून काम सुरू करावे.